पदवी मिळेल, निवासाचे काय?

ऑस्ट्रेलियात परिचर्येची पदवी घेतली की कायम निवास पदरात पडलाच, असा समज आपल्याकडे दलाल मंडळी पसरवीत असतात. वस्तुस्थिती निराळी आहे. तीन वर्षांचे शिक्षण, त्यांत किमान ८०० तासांची रुग्णालयातील उमेदवारी, मग परिचर्या मंडळाकडे नोंदणी. एवढे करूनही प्रथम मिळू शकतो तो तात्पुरता परवाना. त्यालाही जुलै २०२४ पासून बहुतेक पदवीधरांना ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. पुढे गुणांच्या वाटेने जावे, तर ६५ गुणांनी केवळ पात्रता येते, निमंत्रण नव्हे. तेथे परिचारिका हव्या आहेत, हे निर्विवाद; पण गरज त्यांची आणि कर्ज आपले! राहते घर गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी दलालास एवढेच विचारावे : निमंत्रण न आल्यास हे कर्ज मुलीने कोणत्या पगारातून फेडावयाचे?