उपाशी कुत्र्याला एकदम पोटभर नको

चिखलदऱ्याला पावसाळ्यात पाहुण्यांची गर्दी असते. लोक बिस्किटे, मक्याची कणसे टाकतात आणि पॉइंटवरच्या कुत्र्यांचे भागते. गर्दी ओसरली, थंडी पडली की तीच कुत्री घरोघर दारात येऊन बसतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या दारी असाच एक आला. फासळ्या लांबून मोजाव्यात, पाठीचा कणा वर आलेला.

आम्हाला दया आली आणि तिथेच चूक झाली. उरलेली भाजी-भाकर व वाडगाभर दूध, सगळे एकदम पुढे ठेवले. त्याने ते क्षणात संपवले. पहाटेपर्यंत ओकारी आणि हगवण. सकाळी तो उठेना. "जीव वाचवाले गेलो अन् आपनच मारलं त्याले," म्हणत आई दिवसभर जेवली नाही. रोज पहिले शील म्हणणारी ती!

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावले व समजावून सांगितले. फार दिवस उपाशी शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातले क्षार झपाट्याने घटतात, जीवही जाऊ शकतो. दूध तर पुष्कळ कुत्र्यांना पचतच नाही. दिवसातून चार वेळा मूठ-मूठ द्यावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. मऊ भात किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करलेली ज्वारीची भाकर, त्यात उकडलेले अंडे. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून भगिनींनो, फोडणी घालण्याआधीच वाटीभर डाळ बाजूला काढावी.

खाऊनही अंगी लागत नसेल तर जंत समजावेत. औषध वजनावर ठरते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग आपले वजन वजा करावे. आमचा 9 किलो भरला. गोचीड वेचावेत, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर डॉक्टरांकडे न्यावे.

खाटकाकडचे काळीज-फुप्फुस स्वस्त पडते, पण कच्चे घालू नये. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्यांची अंडी पोरांच्या हातातून तोंडात जातात आणि माणसाच्या काळजात तशाच गाठी धरतात. चांगले उकळून घालावे. दाणे खाल्लेले कणीसही फेकू नये. कुत्र्याने गिळले तर आतड्यात अडकते.

शेजारच्या काकांनी टोकले, "मानसाले पुरत नाही, अन् कुत्र्याले अंडे?" त्यांचे अगदीच चूक नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होते, आपल्या माणसांना नव्हते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, हे ज्या घरात सांगितले जाते तिथे हा प्रश्न निघणारच. पण आपले भांडण कुत्र्याशी कधीच नव्हते, माणसाला त्याच्याहून खाली ठेवणाऱ्यांशी होते. आम्ही आठवड्याला तीन अंडी ठरवली. पुढे काकाच भाताची पेज आणून देऊ लागले.

मेळघाटात राहणाऱ्यांनी लस चुकवू नये. रेबीजची हवीच, डिस्टेंपरचीही हवी. 2018 साली गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या अनेकांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांना होणारा रोग तो हाच.

दोन महिन्यांनी आमचा कुत्रा 13 किलो भरला. फासळ्या आता दिसत नाहीत, हात फिरवला की बोटांना लागतात. एवढेच हवे असते. बिबट्याच्या भीतीने रात्री आम्ही त्याला घरातच घेतो.