स्मृतिभ्रंशावर नवे औषध आले. निदान मात्र अजूनही उशिरा

बेंगळुरू : अल्झायमरच्या आरंभिक अवस्थेतील रुग्णांसाठी असलेल्या ‘डोनानेमॅब’ या औषधाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये विपणनाची परवानगी दिली. तेव्हापासून ‘स्मरणशक्ती परत आणणारे औषध भारतात आले’ अशी भावना अनेक कुटुंबांत निर्माण झाली आहे. ही भावना स्वाभाविक असली, तरी ती वस्तुस्थितीला धरून नाही. हे औषध गेलेली स्मृती परत आणत नाही. ती जाण्याचा वेग काही प्रमाणात कमी करते. तेही आजार लवकर ओळखला गेला तरच. म्हणूनच औषध देशात उपलब्ध झाल्यानंतरचा खरा प्रश्न त्याच्या किमतीइतकाच निदानाचाही आहे. मेंदूविषयक संशोधनाचे देशातील प्रमुख केंद्र असलेल्या बेंगळुरूतील अनुभव या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवतो.

औषध नेमके काय करते?

अल्झायमरमध्ये मेंदूत अॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. डोनानेमॅब ही या थरांना चिकटून ते हटवण्यास मदत करणारी प्रतिपिंड आहे. ती महिन्यातून एकदा शिरेवाटे दिली जाते आणि थर पुरेसे कमी झाल्यावर थांबवता येते. अमेरिका, ब्रिटन, जपान यांसह आठ देशांत १,७३६ रुग्णांवर ७६ आठवडे तिची चाचणी झाली. औषध घेणाऱ्या एकूण रुग्णांत आकलन आणि दैनंदिन व्यवहार यांतील घसरण, निष्क्रिय द्रव्य दिलेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी मंदावली. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे प्रमाण ज्यांच्यात फार वाढलेले नव्हते, म्हणजे ज्यांचा आजार तुलनेने अलीकडचा होता, त्यांच्यात हा परिणाम ३५ टक्के होता.

टक्केवारी मोठी वाटते. पण १४४ गुणांच्या मापनपट्टीवर दोन्ही गटांतील फरक सुमारे तीन गुणांचा होता. दोन्ही गटांतील रुग्णांची प्रकृती खालावतच गेली, फक्त एका गटाची अधिक सावकाश. मिळालेले काही महिने ज्या रुग्णाला स्वतःचे व्यवहार स्वतः पाहता आले त्याच्यासाठी मोलाचे आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांची किंमतही मोजावी लागते. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज आढळली. बहुतेकांना तिची लक्षणे जाणवली नाहीत, तरी उपचाराशी संबंधित तीन मृत्यूही नोंदले गेले. ‘एपीओई-४’ हा जनुकीय प्रकार असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. त्यामुळे उपचार सुरू करण्यापूर्वी अॅमिलॉइडची खात्री करणारे पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी, जनुकीय चाचणी आणि उपचारादरम्यान ठरावीक टप्प्यांवर एमआरआय आवश्यक ठरतात.

अमेरिकेत या औषधाची वर्षाची घोषित किंमत सुमारे ३२ हजार डॉलर, म्हणजे २७ लाख रुपयांहून अधिक आहे. ब्रिटनमध्ये औषधाला परवानगी मिळूनही तेथील आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने जून २०२५ मधील अंतिम मसुद्यात डोनानेमॅब आणि लेकानेमॅब या दोन्ही औषधांची शिफारस नाकारली. लाभाच्या तुलनेत खर्च फार जास्त, हे त्यामागचे कारण होते. श्रीमंत देशातील सार्वजनिक यंत्रणेला जे परवडण्याजोगे वाटले नाही, ते भारतात बहुतांश खर्च स्वतःच्या खिशातून करणाऱ्या कुटुंबाने कोणत्या आधारावर ठरवायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र होतो. त्यात चाचणीतील सहभागी प्रामुख्याने श्वेतवर्णीय होते आणि चाचणीच्या आठ देशांत भारताचा समावेश नव्हता, ही बाबही लक्षात घ्यावी लागते.

जुन्या गोळ्या आणि बाजारातील आश्वासने

या औषधापूर्वी उपचार नव्हतेच, असे नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले डोनेपेझिल आणि २००३ मध्ये आलेले मेमँटिन ही औषधे भारतात जेनेरिक स्वरूपात अनेक वर्षांपासून मिळतात. डोनेपेझिल मेंदूतील अॅसिटिलकोलिन या संदेशवाहक द्रव्याचे विघटन रोखते. त्यामुळे काही रुग्णांचे लक्ष आणि स्मरण काही काळ सुधारते. मूळ आजार मात्र पुढे सरकतच राहतो. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणे, भोवळ येणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत. वृद्धाला भोवळ येणे म्हणजे पडणे, आणि पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे. म्हणूनच हृदयाची गती तपासल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये, असा दंडक आहे.

याच्या उलट, वृद्धांना सर्रास दिली जाणारी काही औषधे स्मृती क्षीण करतात. जुन्या पिढीतील अॅलर्जीरोधक गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या आणि मूत्राशयावर नियंत्रण ठेवणारी काही औषधे यांचा परिणाम मेंदूवर होतो. त्यांतील अॅसिटिलकोलिनला विरोध करणारी औषधे तर डोनेपेझिलच्या नेमके उलट काम करतात. अनेक तज्ज्ञांकडून औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या हाती स्मृतीसाठी एक आणि स्मृतीविरुद्ध एक अशा दोन गोळ्या पडण्याची शक्यता त्यामुळे राहते. सर्व चिठ्ठ्या एकत्र ठेवून त्या एकाच डॉक्टरला दाखवणे, हा कोणताही खर्च नसलेला उपाय आहे.

औषधांच्या पलीकडे वनस्पतींचा मोठा बाजार आहे. कर्नाटकातील घरांत ‘ओंदेलगा’ या पाल्याची, खोबरे व ताक घालून केलेली तंबुळी बुद्धीला चांगली म्हणून आवर्जून खाल्ली जाते. मराठीत हीच वनस्पती कारिवणा म्हणून ओळखली जाते आणि चरकसंहितेतील मंडूकपर्णी ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. ‘ब्राह्मी’ हे नाव मात्र देशात कुठे या वनस्पतीला, तर कुठे पाणथळ जागी वाढणाऱ्या वेगळ्याच वनस्पतीला दिले जाते. त्यामुळे वेष्टनावरील एका शब्दावरून आत काय आहे, हेही निश्चित होत नाही. ब्राह्मीवरील काही लहान चाचण्यांत शब्द आठवण्याच्या क्षमतेत किंचित सुधारणा दिसली आहे. परंतु अशा लहान निष्कर्षांवरून स्मृतिभ्रंश टळतो असे म्हणता येत नाही. गिंको या प्रसिद्ध वनस्पतीबाबत अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अनेक वर्षे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्मृतिभ्रंश रोखण्यात गिंकोचा उपयोग झाला नसल्याचे स्पष्ट झाले.

विशेष म्हणजे, या बाबतीत भारतीय कायदा पुरेसा सावध आहे. औषध नियम, १९४५ च्या ‘जे’ अनुसूचीत ज्या बाबींवर औषधाने परिणामकारकतेचा दावा करू नये अशांची यादी आहे. त्यात मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणे यांचाही समावेश आहे. तरीही आहारपूरक म्हणून विकली जाणारी उत्पादने ‘एकाग्रता’, ‘तल्लख बुद्धी’ अशा शब्दांनी हाच दावा वळसा घालून करतात.

निदानाची दरी

भारतातील साठ वर्षांवरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असे त्याच अभ्यासाचे अनुमान आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. नेमके याच दोन गटांचे मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण कमी असते. जगभरात स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ७५ टक्के रुग्णांचे निदानच झालेले नसते, असे २०२१ च्या जागतिक अल्झायमर अहवालात नमूद करण्यात आले होते.

‘वय झाले की विसर पडायचाच’ ही समजूत यामागे आहेच. त्याचबरोबर साधनांचा अभावही आहे. परदेशात तयार झालेल्या स्मृतीच्या चाचण्या लिहिण्या-वाचण्यावर बेतलेल्या असतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना घड्याळाचे चित्र काढता आले नाही, तर तो आजार की निरक्षरता, हे त्यांवरून ठरत नाही. ही अडचण ओळखून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने, निम्हान्ससह देशातील संस्थांनी भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच विकसित केला. तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. वृद्धांची मोठी संख्या असलेल्या महाराष्ट्रासाठी ही उणीव केवळ भाषिक अभिमानाची नाही. ज्या औषधाचा लाभ आरंभिक अवस्थेतच मिळतो, त्यासाठी ती अवस्था रुग्णाच्या भाषेत ओळखता येणे ही पहिली अट आहे.

लवकर तपासणीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंद क्रिया, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते साध्या उपचारांनी सुधारू शकते. लाखो रुपयांच्या औषधाची चर्चा करण्यापूर्वी काही शे रुपयांची रक्ततपासणी झाली आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

श्रीनिवासपूरचा धडा

बेंगळुरूजवळच्या कोलार जिल्ह्यातील, आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या श्रीनिवासपूर तालुक्यात भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्र दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांच्या आकलनक्षमतेचा, रक्ताचा आणि मेंदूच्या प्रतिमांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. शहरी नागरिकांसाठी टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने असाच अभ्यास बेंगळुरूत सुरू आहे. भारतीय मेंदू कसा वृद्ध होतो, याची उत्तरे परदेशी आकड्यांतून नव्हे, तर अशा नोंदींतूनच मिळणार आहेत.

दुसरीकडे, कर्नाटक सरकारने निम्हान्सच्या सहकार्याने २०२२ मध्ये ‘कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना मेंदूविकार ओळखण्याचे प्रशिक्षण देणे आणि जिल्हा रुग्णालयांत मेंदू आरोग्य चिकित्सालये चालवणे हा त्याचा गाभा आहे. येथे चर्चा महागड्या प्रतिपिंडांची नाही; रुग्ण वेळेत ओळखण्याची आहे.

प्रतिबंधाचा मार्गही याच पातळीवरून जातो. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये १४ जोखीमघटकांची नोंद केली आणि ते हाताळल्यास स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येऊ शकतात, असे म्हटले. मधुमेह, उच्च रक्तदाब, श्रवणदोष, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण, अपुरे शिक्षण यांचा त्यात समावेश आहे. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता. २०१३ मधील त्या शोधनिबंधानुसार, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षर रुग्णांतही हा फरक कायम होता. या निष्कर्षावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही जीवनभराच्या बौद्धिक सवयींचे महत्त्व त्यातून अधोरेखित होते.

डोनानेमॅबचे आगमन हा वैद्यकशास्त्राचा खरा टप्पा आहे. आजाराच्या मुळाशी जाता येते, हे त्याने दाखवले. परंतु सध्या त्याचा लाभ मोजक्या रुग्णांपुरताच राहील. महाराष्ट्रासह इतर राज्यांपुढचे तातडीचे काम वेगळे आहे : प्रमाणित मराठी चाचणी प्राथमिक केंद्रापर्यंत पोहोचवणे, तेथे बी-१२, थायरॉइड आणि रक्तदाबाची तपासणी नियमित करणे आणि काळजी घेणाऱ्या कुटुंबाला औषधाची मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगणे. कुटुंबाने आपली बचत या उपचारावर खर्च करायची की नाही, हा निर्णय अखेर त्याचाच आहे. मात्र तो ‘स्मृती परत येईल’ या समजुतीवर घेतला जाऊ नये.