विश्लेषण: बागेकडे जाणारी पायवाट कुठून न्यायची, हे कसं ठरतं?

मुंबईत मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कच्या मागच्या उतारावर मार्च २०२५ च्या अखेरीस 'एलिव्हेटेड नेचर ट्रेल' सुरू झाला. झाडांमधून जाणारा हा लाकडी मार्ग ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. काचेच्या सज्जातून गिरगाव चौपाटी दिसते. साहजिकच फोटो, रील्स आणि गर्दी, सगळं काही झालं.

पण बागेशी जोडलेली पायवाट आखताना दृश्य कसं दिसेल यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे असतात: ती सुरू कुठून होते? आणि तिच्यावरून रोज चालणार कोण?

वाट जमिनीवरून का नेली नाही?

मलबार हिलचा उतार नाजूक आहे. ऑगस्ट २०२० मधल्या मुसळधार पावसात याच टेकडीवर दरड कोसळली आणि बी. जी. खेर मार्गाचं नुकसान झालं. अशा ठिकाणी रस्त्यासाठी उतार खोदला, तर माती धरून ठेवणारी मुळं तुटतात आणि पाण्याचे प्रवाह बदलतात. खांबांवर उचललेल्या वाटेखालून पाणी वाहू शकतं आणि खोदकाम खांबांपुरतंच राहतं. म्हणजे उन्नत वाट हा निव्वळ हौसेचा भाग नाही. मात्र समुद्राजवळची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता तिची देखभाल हा कायमचा खर्च असतो.

सिंगापूरकडून काय शिकता येईल?

मलबार हिलचा मार्ग सिंगापूरच्या 'ट्री टॉप वॉक'च्या धर्तीवर बांधल्याचं सांगितलं जातं. मॅकरिची जलाशयाच्या परिसरातला २५० मीटरचा तो झुलता पूल २००४ मध्ये सुरू झाला. जंगलात बरंच चालल्यावर तो लागतो. त्याच्यासाठी मुद्दाम जावं लागतं, म्हणजे ते एक ठिकाण आहे.

सिंगापूरमध्येच दुसरं उदाहरण आहे, 'सदर्न रिजेस'चं. माउंट फेबर, तेलोक ब्लांगा हिल, केंट रिज अशा टेकड्यांवरच्या बागा सुमारे १० किलोमीटरच्या वाटांनी आणि पुलांनी जोडल्या आहेत. तिथेही झाडांच्या उंचीवरून जाणारा मार्ग आहे. पण तिथली एक पायवाट थेट हार्बरफ्रंट मेट्रो स्टेशनजवळून वर चढते. ट्रेनमधून उतरा आणि चालायला लागा. तिकीटही नाही.

मार्ग आखताना काय पाहायला हवं?

*लोक आधीच कुठून जातात:* मराठीत वाट 'पडते'. लोक रोज जिथून चालतात तिथे गवत झिजतं आणि वाट पडते. अशी वाट सोडून नकाशावर सुंदर रेघ मारली, तरी लोक जुन्या वाटेनेच जातात.

*चढ:* व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण साधारण १:१२ पेक्षा तीव्र नसावं, असा नियम आहे. म्हणजे ३० मीटर उंची गाठायची तर किमान ३६० मीटर लांबी लागते, विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्या. जवळची वाट म्हणून पायऱ्या बांधल्या, की आजी-आजोबा आणि बाबागाडीवाले पालक बाद होतात.

*रुंदी:* इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. दोन व्हीलचेअर शेजारून जाऊ शकतील, एवढी.

*सुरक्षितता:* अंधारात दिवे आहेत का? मधूनच बाहेर पडता येतं का? पहाटे किंवा संध्याकाळी एकट्या बाईला ही वाट निवडावीशी वाटेल का?

मलबार हिलचा मार्ग यात कुठे बसतो?

सुरुवातीला ठरलेल्या नियमांनुसार इथे भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी पर्यटकांना १०० रुपये तिकीट आहे. आधी वेळ निवडायची आणि तासाला जास्तीत जास्त २०० जण. नाजूक जंगलात गर्दीवर मर्यादा हवीच, त्यामुळे या नियमांना अर्थ आहे. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट होते: हे मॅकरिचीसारखं 'ठिकाण' आहे, रोजची वाट नाही. रोज फेरी मारणाऱ्याला महिन्याला ७५० रुपये कोण देणार?

चर्नी रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनला उतरून बागेत चालत येणाऱ्याचा प्रश्न त्यामुळे तसाच राहतो. त्याला वर्दळीतून रस्ते ओलांडत पायथ्याशी यायचं आणि मग टेकडी चढायची आहे. तिथे सलग पदपथ, सावली आणि नीट क्रॉसिंग मिळालं, तर फायदा पर्यटकांइतकाच आसपासच्या चाळींत राहणाऱ्यांनाही होईल. २००८ च्या वाहतूक अभ्यासानुसार मुंबई महानगर प्रदेशात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होत होत्या. म्हणजे चालणारे मूठभर नाहीत.

तुमच्या शहरात असा प्रकल्प आला तर?

महापालिका आराखडा दाखवेल तेव्हा चित्रातल्या झाडांपेक्षा वाटेच्या दोन्ही टोकांकडे पाहा. एक टोक बागेत असेलच. दुसरं बसस्टॉप, शाळा किंवा वस्तीपाशी आहे की पार्किंगमध्ये, यावरून ती वाट कोणासाठी आहे ते कळतं. हरकती-सूचनांची मुदत असते तेव्हाच हे विचारायला हवं. खांब उभे राहिल्यावर मार्ग बदलत नाही.