पाळणा विकणाऱ्याला कोण विचारणार?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा, कॅनॉट, कुठेही लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात शिरा. बाळंतविड्यासाठी सजवलेल्या खोक्यात दुपटं, टोपडं, मऊ उशी, दोन छोटे लोड आणि पाळण्याच्या कडांना आतून बांधायच्या कापूसभरल्या गाद्या असतात. दुकानदार त्यांना बंपर म्हणतात. अमेरिकेने मे 2022 मध्ये कायदा करून या गाद्यांवर बंदी आणली. तान्ह्या बाळाचं नाक त्या मऊपणात रुतलं तर मान फिरवून सुटायचं बळ त्याच्या अंगात नसतं. तिथे जे विकणं बेकायदा आहे, ते आपल्याकडे बारशाला आहेर म्हणून येतं. मला संताप येतो तो आहेर आणणाऱ्या मावशीचा नाही. विकणाऱ्याचा येतो, आणि त्याला विकू देणाऱ्यांचा येतो.

आमच्याकडेही असाच एक संच आला. मी गाद्या सोडून ठेवल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, डोकं आपटेल त्याचं. आमची नाही का वाढली मुलं?" त्यांना दोष कसा देऊ? त्यांना हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. संच परत करायला गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, कंपनीचा माल आहे, सगळेच नेतात." पैसे मिळाले नाहीत. जगात कुठेही पाळण्याचा नियम बदलला की आपल्या शहरात त्याचा सगळा भार आईच्या डोक्यावर येतो. तिनेच मोबाइलवर वाचायचं, तिनेच घरात वाद घालायचा, तिनेच पैसे बुडवायचे, आणि काही विपरीत झालं तर "आईचं लक्ष कुठे होतं" हेही तिनेच ऐकायचं.

"हे लोक रोज नवे नियम काढतात" असं म्हणणाऱ्यांनी नियम का बदलतात ते एकदा पाहावं. पाळण्याच्या गजांमध्ये साधारण 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, हा नियम अमेरिकेत 1973 साली आला. फट मोठी असेल तर बाळाचं अंग पायाकडून बाहेर घसरतं आणि डोकं अडकून राहतं. एक बाजू खाली सरकणारे पाळणे पुढे कित्येक वर्षं खपले. वाकायला नको म्हणून आयांना ते सोयीचेही वाटत. पण त्यांच्या कड्या झिजत, फळी एका टोकाने निखळे आणि गादी व फळी यांच्यातल्या फटीत मूल अडके. 2000 नंतरच्या दहाएक वर्षांत निदान 32 मुलं त्या पाळण्यांत गेली, तेव्हा कुठे 28 जून 2011 पासून त्यांची विक्री बंद झाली, वापरलेल्यांचीसुद्धा. तिरप्या झोपाळ्यांचंही तेच झालं. त्यात बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाचा मार्ग दबतो. फिशर-प्राइसने एप्रिल 2019 मध्ये असे सुमारे 47 लाख झोपाळे परत मागवले, आणि 2022 च्या कायद्याने 10 अंशांपेक्षा जास्त उताराचे झोपाळे बंदच केले. यातला एकही नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. प्रत्येकाच्या आधी मुलं दगावली आहेत.

आणि नियम करून भागत नाही, हेही तिथेच दिसलं. 1998 साली शिकागोत, सरकारी परवाना असलेल्या एका पाळणाघरात, दीड वर्षाचाही नसलेला मुलगा घडीच्या पाळण्यात गळा आवळून गेला. तो पाळणा 1993 मध्येच धोकादायक म्हणून परत मागवलेला होता. मुलगा जाण्याच्या आठवडाभर आधी सरकारी तपासनीस त्या पाळणाघरात येऊन गेला होता. आईवडिलांना माहीत नव्हतं, पाळणाघराला माहीत नव्हतं. पुढे 2008 च्या कायद्याने अशा मालासोबत नोंदणीचं कार्ड देणं कंपन्यांना सक्तीचं केलं, म्हणजे वस्तू सदोष निघाली तर कंपनीनेच ग्राहकाला गाठायचं. शोधत बसायचं काम आईबापाचं नाही, हे तिथल्या कायद्याने मान्य केलं. आपल्याकडे ते कोण मान्य करणार?

आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चांगलंच झालं. पण पाळणा म्हणजे खेळणं नव्हे, त्यामुळे तो आदेश पाळण्याला लागत नाही. वर टांगलेला खुळखुळा तपासायचा आणि खाली बाळ ज्यात रात्रभर निजतं त्याची चौकशी करायची नाही, हा कुठला कारभार? दोन गजांतलं अंतर सुतार नजरेने ठरवतो. एकच पाळणा चार घरी फिरतो, आणि त्याचा ढिला झालेला स्क्रू कुणीच बघत नाही.

इथे कुणी म्हणेल, ही सगळी पैसेवाल्यांची दुखणी; मुकुंदवाडीत किंवा वाळूजच्या पत्र्याच्या खोलीत बाळ साडीच्या झोळीत निजतं. म्हणूनच तर बोलायला हवं. तान्हं झोळीत असताना आई जवळ असते. ती कामाला गेल्यावर त्याच झोळीत मोठं भावंड गोल गोल फिरतं, कापडाला पीळ बसतो आणि गळ्याला फास लागतो. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या बाईला शहाणपण शिकवायला जाऊ नका. कामावर पाळणाघर असतं तर तिने मूल घरी कशाला ठेवलं असतं? 50 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असलंच पाहिजे, हे 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ठरवलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या प्रत्येक कारखान्याने आपलं पाळणाघर दाखवावं.

अधिकार नाहीत, ही सबब कुणी सांगू नये. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 20: धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आणि ग्राहकांना किंमत परत द्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. हेल्मेट आणि प्रेशर कुकरच्या बाबतीत हे प्राधिकरण हललं होतं, मग पाळण्यासाठी कुणाची वाट पाहतंय? कलम 16 प्रमाणे तक्रार आल्यावर जिल्हाधिकारी चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही.

कलम 16 खाली मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आहे. शहरातल्या दुकानांतले बंपर, तिरपे झोपाळे आणि एक बाजू सरकणारे पाळणे तपासा, अहवाल पाठवा, ग्राहकांचे पैसे परत मिळवून द्या. घाटी रुग्णालयात आणि महापालिकेच्या दवाखान्यांत बाळंतीण घरी निघते तेव्हा बाळ कुठे निजणार हे तिला विचारा, आणि सपाट, घट्ट गादीवर, उताणं, भोवती काही न ठेवता निजवायचं, हे सासूच्या देखत सांगा. जिल्हाधिकारी कार्यालयाने अर्जाची पोच द्यावी, आणि पोचेवर तपासणीची तारीख लिहून द्यावी.