नाण्यांची वर्गणी आणि घरचा हिशेब



वर्गणी हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. जयंतीची वर्गणी असो की भिशीचा हप्ता, आपण पैसे हाताने देतो आणि वहीत नोंद पाहतो. मोबाईलवरच्या वर्गणीला मात्र एकदाच होकार द्यायचा असतो. पुढे दरमहा पैसे आपोआप कापले जातात. नाणी जमवणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

नाणी घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सरकारी टांकसाळीचा. टांकसाळीच्या संकेतस्थळावर स्मारक नाण्यांची विक्री होते. पैसे आधी भरायचे, नाणे नंतर टपालाने येते. ६ डिसेंबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षानिमित्त १२५ आणि १० रुपयांची नाणी निघाली. त्यातले १२५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, निम्मी चांदी असलेले. असे नाणे संग्रहासाठीच असते. ते छापील किमतीपेक्षा महाग मिळते, आणि किराणा दुकानात चालत नाही. म्हणून त्याला बचत समजू नये. तो हौसेचा खर्च आहे.

दुसरा मार्ग खाजगी विक्रेत्यांचा. 'दरमहा एक नाणे घरपोच' म्हणणाऱ्या योजनेत शिरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा : एकूण किती महिने, टपालखर्च कोणाचा, नाणे पसंत नसल्यास परत घेणार का, आणि वर्गणी बंद कशी करायची? उत्तरे लेखी घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा बहुतेक हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणून ती सूचना न वाचता पुसून टाकू नका. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडले की चालू वर्गण्या दिसतात. तिथेच त्या बंदही करता येतात. बंद केल्यावर विक्रेत्यालाही लेखी कळवा.

घरात एक साधी वही ठेवा. तारीख, विक्रेता, नाणे, दिलेले पैसे, पुढचा हप्ता आणि नाणे हाती आले की नाही, एवढे रकाने पुरेत. पगाराच्या दिवशी ती वही घरच्यांसमोर उघडावी. ज्या महिन्यात शाळेची फी किंवा आजारपण आहे, त्या महिन्यात वर्गणी थांबवायला संकोच कसला?

फसवणुकीपासून विशेष जपा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे १९९० चे एक रुपयाचे नाणे व्यवहारासाठीच काढले होते. ते 'लाखोंना विकून देतो, आधी कमिशन भरा' असे कोणी म्हटले तर एक पैसाही देऊ नका. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपण शुल्क वा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आणि मुलांना सांगा, या छंदाला वर्गणी लागतेच असे नाही. बाजारातून आलेली सुटी नाणी पाहा. सालाच्या खाली हिऱ्यासारखा ठसा मुंबईचा, पाच टोकांची चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे. चारही टांकसाळींची एकेका सालाची नाणी जमवायला नाण्यांच्या किमतीपलीकडे खर्च नाही. ती चिंच-मिठाने घासू नका. कडेला धरून कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर ते कधी, कुठे मिळाले ते लिहा. एवढे जमले की मग महागाच्या नाण्याचा विचार करावा, तोही वहीतली शिल्लक पाहून.