टोपलीला कायद्याचा आधार

'गाडी आली, गाडी आली!' एवढी आरोळी उठली की भरला बाजार क्षणात विस्कटतो. कुणी ताडपत्रीची चार टोके धरून बोळात पळतो, कुणी हातगाडा ढकलीत सुटतो. मध्यंतरी अशाच एका बाजारात आम्ही भाजी घेत उभे होतो. मेथी-शेपूच्या जुड्या मांडून बसलेल्या मावशींचे गुडघे दुखरे. त्यांना उठायला वेळ लागला आणि टोपली तराजूसकट गाडीत गेली. मावशींनी हात जोडले, विनवण्या केल्या. परंतु एक गोष्ट त्यांनी मागितली नाही, कारण ती मागता येते हेच त्यांना ठाऊक नव्हते. ती म्हणजे उचललेल्या मालाची सहीनिशी यादी. लेखणी चालविणाऱ्या आम्हालाही त्या क्षणी ते सुचले नाही, याची खंत वाटते. म्हणून आज हा विषय.

वाचक भगिनींनो, पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचे विधेयक लोकसभेने ६ सप्टेंबर २०१३ रोजी आणि राज्यसभेने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी मंजूर केले. १ मे २०१४ पासून, म्हणजे नेमका कामगार दिनी, तो कायदा अमलात आला. त्याआधी १९८९ साली दिल्लीच्या सोदानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले होते की, रस्त्यावर बसून धंदा करणे हाही घटनेच्या कलम १९ मधील व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात. आपल्या राज्यातील १९४९ चा महानगरपालिका कायदा तर रस्त्यावर विनापरवाना मांडलेला माल नोटिशीशिवाय उचलण्याचा अधिकार आयुक्तांना देतो. या अधिकाराला संसदेने २०१४ साली लगाम घातला. इतर कायद्यांत काही विसंगत असेल तर आपलाच शब्द चालेल, असे नवा कायदा स्पष्ट बजावतो.

तो काय म्हणतो? दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्व विक्रेत्यांची पाहणी करा. पाहणी पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवू नका. प्रमाणपत्रातील जागेवरून हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला तर यादी द्या. शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करा. म्हणजे मावशींची मेथी त्याच दिवशी परत मिळायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ती मेथी राहत नाही, पाला होतो.

आपल्या घरांना हा प्रश्न परका नाही. गावात आपल्या आजीच्या हातची भाजी, हातचे दूध कुणी विकत घेत नव्हते. स्पर्शाचाच विटाळ, तिथे विक्री कसली? शहरात आल्यावर गिऱ्हाईकाने भाव विचारला, जात विचारली नाही, तेव्हा कुठे टोपली डोक्यावर चढली. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर; शहागंज असो, औरंगपुरा असो की छावणीचा आठवडी बाजार, रस्त्यावरच्या विक्रीवर कितीतरी घरांची चूल पेटते आणि मुलांच्या शाळेची फी निघते. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ ग्रंथ आणि प्रतिमा मांडून बसणारेही पथारीवालेच. आपल्या कितीतरी घरांतील पहिले पुस्तक पथारीवरूनच आले.

रस्ता पायी चालणाऱ्याचा आहे, रुग्णवाहिकेचाही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कायदाही नाकारीत नाही. कुठे बसता येईल आणि कुठे नाही हे ठरवावे, विक्रेत्याने जागा स्वच्छ ठेवावी, शुल्क भरावे, असे तो सांगतो. परंतु हे ठरविणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी मत देऊन निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, हेही तोच कायदा सांगतो. मुंबईसारख्या महानगरात या निवडणुकीचे मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडावा लागला. दिल्लीत विधेयक मंजूर झाले म्हणून गल्लीत न्याय पोहोचत नाही, तो असा पायी चालत येतो. वाटेत त्याला हाका मारणारे कुणी हवे.

तेव्हा घरात कुणी टोपली, गाडा वा पथारी लावीत असेल तर एवढे करा. पाहणीच्या वेळी जागेवर हजर राहा, नाव नोंदवा, प्रमाणपत्र जपून ठेवा. समितीची निवडणूक लागली तर मत द्या. शक्य असेल तर एखाद्या बाईने उभेही राहावे. माल उचलला तर आधी यादी मागा. आणि शिकलेल्या मुलामुलींनो, एखाद्या संध्याकाळी आईजवळ बसून तिला हा कायदा वाचून दाखवा. तिने जुड्या विकून तुम्हाला अक्षरे दिली. त्यातली चार आता तिच्या कामी येऊ द्या.

त्या मावशी पुन्हा त्याच कोपऱ्यावर बसतात. या वेळी त्यांच्या टोपलीत, जुड्यांच्या खाली, आम्ही लिहून दिलेला एक कागद असतो. त्यावर एकच वाक्य आहे : 'साहेब, यादी द्या.'