चालू कॉम्प्युटर भंगारात काढू नका

जरा स्पष्टच लिहितो. राग आला तरी चालेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स बंद झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर ही अट. म्हणजे कालपर्यंत गुमान चालणारं मशीन आज एका फटक्यात म्हातारं! आता शाळाशाळांतून, ग्रामपंचायतींतून 'नवीन संगणक खरेदी'चे प्रस्ताव निघणार. पैसे कुणाचे? तुमच्या-आमच्या घरपट्टीचे.

त्याच मशीनवर लिनक्स मिंट टाकलं तर ते अजून चार-पाच वर्षं आरामात चालतं. लायसन्सचा खर्च शून्य. पण हे सुचवलं की उत्तर ठरलेलं: "ते सर्व्हरवाल्यांचं, त्यावर आपली कामं होत नाहीत."

कुठली कामं होत नाहीत ते तरी सांगा. मी डीटीपीवाला. गेली सहा वर्षं पत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका सगळं लिनक्सवर करतोय. पत्रिका इंकस्केपमध्ये, अहवाल स्क्रायबसमध्ये. स्क्रायबसमध्ये जोडाक्षरं तुटतात ही तक्रार एके काळी खरी होती, पण १.६ आवृत्तीत देवनागरी व्यवस्थित बसते. फॉन्ट म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू सगळ्यांसाठी मोफत आहेत. छापखान्याला सीएमवायके पीडीएफ दिली की झालं, कोरलची फाइल मागायची गरजच काय?

आणि पोटापाण्यापलीकडचं? आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी आर्डरमध्ये करतो. पखवाज वेगळ्या ट्रॅकवर, पेटी वेगळ्या, बुवांचा आवाज वेगळा. टाळ फार वाजले तर नंतर खाली आणता येतात (बुवांना हे अजून माहीत नाही). वारीचे फोटो डार्कटेबलमध्ये सुधारतो. पोरगी क्रितामध्ये चित्रं रंगवते. 'हा सगळा हौशी मामला' म्हणणाऱ्यांसाठी: २०२५ साली ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्ये बनलाय. तेच ब्लेंडर, जे लिनक्सवर फुकट मिळतं.

अडचणी आहेतच. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, काही प्रिंटर डोकं खातात, आणि पहिला महिनाभर हात जुन्याच बटणांकडे जातात. ज्याचं पोट टॅलीवर आहे त्याने विंडोज ठेवावं, मी भांडणार नाही. पण शाळेच्या लॅबमध्ये टॅली कोण चालवतं हो?

खरी गोम वेगळीच आहे. आपल्याला विंडोज, फोटोशॉप, कोरल 'फुकट' वाटतं, कारण क्रॅक मारलेलं असतं. चौकातला पोरगा दोन-तीनशे रुपयांत सगळं 'टाकून देतो', बरोबर व्हायरसही. ज्या शाळेत चोरी करू नये असा सुविचार फळ्यावर असतो, तिथल्याच लॅबमध्ये क्रॅक केलेलं ऑफिस असतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

केरळने हे केव्हाच सोडवलंय. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळा दीड दशकाहून जास्त काळ लिनक्सवर आहेत, दहावीची आयटीची परीक्षासुद्धा त्यावरच होते. 'लिटल काइट्स' गटांतली पोरं ॲनिमेशन शिकतात, मल्याळम टायपिंग शिकतात. आमच्याकडे सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी लागते, आणि तिथे संगणक म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस हेच डोक्यात बसतं. एका कंपनीचा माल चालवायला शिकणं म्हणजे संगणक साक्षरता?

केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण आहे: सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या, आणि वगळायचं असेल तर कारण द्या. राज्यांनाही ते स्वीकारायची मुभा आहे. तेव्हा तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामसभेत संगणक खरेदीचा विषय आला की दोनच गोष्टी लेखी मागा. जुन्या मशीनवर लिनक्स टाकून पाहिलं का? नसेल तर का नाही?

आमच्या तालुक्यातली कुठलीही शाळा तयार असेल तर रविवारी पेनड्राइव्ह घेऊन मी येतो. पैसे नकोत, चहा पाजा. इनबॉक्समध्ये शाळेचं नाव आणि मशीन किती ते टाका.